त्वचा-अधिहर्षता परीक्षांची वैधता

त्वचेशी संपर्क आल्यावर अधिहर्षता (ॲलर्जी) निर्माण करणारी रसायने ओळखण्याच्या प्रयोगशालीय पद्धती कितपत विश्वसनीय आहेत, हे ठरविण्याची प्रक्रिया. धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्यासह मराठवाड्यात पडीक जमिनीवर माजणारे गाजर गवत हे या विकाराचे परिचित कारण होय. त्यातील पार्थेनीन हे द्रव्य प्रथिनांतील सिस्टीन या ॲमिनो अम्लाशी बद्ध होते. प्रतिरक्षा यंत्रणा ही जोडणी परकी मानते व पुढील संपर्कात चेहरा, मान, हात यांवर खाज सुटून पुरळ उठतो.

रुग्णाच्या पाठीवर पट्टी परीक्षा करून कारण शोधता येते. परंतु नव्या रसायनाचा धोका ते वापरात येण्यापूर्वीच कळावयास हवा. त्यासाठी पूर्वी गिनीपिग व नंतर उंदीर वापरीत. आर्थिक सहकार्य व विकास संघटनेने २०१५ मध्ये स्वीकारलेल्या एका परीक्षेत सिस्टीन किंवा लायसीन असलेली पेप्टाइडे रसायनासोबत २४ तास ठेवून किती शिल्लक राहिली ते मोजतात.

वैधता तपासताना गुणधर्म आधीच ज्ञात असलेली द्रव्ये केवळ सांकेतिक क्रमांक घालून अनेक प्रयोगशाळांकडे पाठवितात व निष्कर्ष परस्परांशी आणि ज्ञात माहितीशी जुळतात का, ते पाहतात. उपद्रवी द्रव्य निर्धोक ठरणे ही यातील अधिक गंभीर चूक होय. काही द्रव्ये त्वचेतील एंझाइमांमुळे बदलल्यावरच अपायकारक होतात; पेप्टाइडांच्या परीक्षेत ही एंझाइमे नसल्याने ती निसटू शकतात. यास्तव २०२१ च्या मार्गदर्शिकेतील एका पद्धतीत पेप्टाइडे, त्वचाकोशिका व प्रतिरक्षा कोशिका यांवरील तीन परीक्षांपैकी दोहोंचा जुळणारा निष्कर्ष ग्राह्य धरतात.