ताप हटत नाही तेव्हा

नवापूर तालुक्यातल्या चिंचपाड्यात पोर तापानं फणफणलं की डॉक्टरच्या मनात आधी हिवताप येतो, मग क्षय, आणि पोर फिकट असेल तर सिकलसेल. त्यात गैर काही नाही. नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यात हे आजार घरोघरी ठाऊक आहेत आणि मुलांचा कर्करोग विरळा. पंचाईत एवढीच, की मुलांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग, रक्ताचा, याच आजारांचं सोंग घेऊन येतो. ताप, फिकेपणा, वाढलेली पाणथरी, ठणकणारी हाडं. सिकलसेलच्या मुलाचीही हाडं ठणकतात. पाणथरी हिवतापातही वाढते.

बरेचदा उत्तर काचपट्टीवरच असतं. हिवतापाचे जंतू शोधायला घेतलेल्या त्याच रक्ताचा पातळ थर नीट रंगवून पाहिला, तर कच्च्या पांढऱ्या पेशी दिसू शकतात : भलंमोठं केंद्रक आणि भोवती पेशीरसाची जेमतेम कड. पण तपासणारा फक्त जंतूच शोधत असेल, तर कागदावर ‘मलेरिया निगेटिव्ह’ एवढंच उतरतं. डेंग्यूतही प्लेटलेट पडतात, पण साधारण आठवडाभरात सावरतात. हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट यांपैकी दोन आकडे घसरून तसेच राहिले, तर अस्थिमज्जा तपासायलाच हवी.

मानेतल्या गाठींचं तसंच. गंडमाळ म्हणायचं आणि क्षयाच्या गोळ्या सुरू करायच्या. क्षय असेलही, पण गाठीचा तुकडा न तपासता महिनोन् महिने गोळ्या देणं ही फार महागात पडणारी घाई. कॉलर बोनच्या वरची गाठ तर कधीच अंगावर काढू नये.

सर्वांत घातक म्हणजे अंदाजानं टोचलेलं स्टेरॉइड. रक्ताच्या कर्करोगातल्या पेशी त्यानं काही काळ मरतात, मूल खेळू लागतं, घरचे निर्धास्त होतात. आजार मात्र आतच असतो आणि पुढचं निदान धूसर होऊन बसतं.

जगात दरवर्षी सुमारे ४ लाख मुलांना कर्करोग होतो. श्रीमंत देशांत त्यांतली ८० टक्क्यांहून अधिक बरी होतात, गरीब देशांत निम्मीही नाहीत. उशिरा किंवा चुकलेलं निदान हे त्याचं एक मोठं कारण. बऱ्या होणाऱ्या मुलांचं जगभरातलं प्रमाण २०३० पर्यंत किमान ६० टक्क्यांवर न्यायचं, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ मध्ये ठरवलं.

चिंचपाडा सुरत-भुसावळ रेल्वेमार्गावर आहे. पुढच्या तपासणीसाठी आणि उपचारांसाठी सुरत गाठता येतं, मुंबईत परळचं टाटा रुग्णालयही. खर्चासाठी महात्मा फुले जनआरोग्य योजनेची चौकशी करा. ताप दोन आठवडे हटला नाही, तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा : रक्त पुन्हा तपासा, पेशीही बघा.