अजान हक्काची, भोंगा नियमाचा

रमजानमध्ये मोहल्ला पहाटेच्या अंधारातच जागा होतो. सहरी आटोपते, फजरची अजान होते आणि रोजा सुरू होतो. त्याच वेळी शेजारच्या घरात रात्रपाळी करून आलेला कामगार किंवा आजारी आजोबा झोपलेले असतात. हक्क दोघांनाही आहे. मग कायदा काय म्हणतो?

राज्यघटनेचे कलम २५ धर्म मानण्याचे, आचरण्याचे आणि त्याचा प्रचार करण्याचे स्वातंत्र्य देते. पण सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता, आरोग्य आणि इतर मूलभूत हक्कांच्या अधीन राहून. भारताने १९७९ मध्ये स्वीकारलेल्या नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारातही हाच विचार आहे. त्याच्या कलम १८ नुसार मनातल्या श्रद्धेला बंधन घालता येत नाही. बंधन येते ते ती प्रकट करण्याच्या रीतीवर. तेही कायद्याने घातलेले आणि खरोखर गरजेचे असेल तरच.

ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर भोंगा लावता येत नाही. निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५, रात्री ४५ डेसिबल आहे. सणांसाठी राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस सवलत देऊ शकते, पण तीही रात्री १२ पर्यंतच. म्हणजे सहरीच्या भोंग्याला त्यात जागा नाही. भोंगा लावणे हा मूलभूत हक्क असल्याचा दावा कोणत्याही धर्माला करता येणार नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये म्हटले. अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०२० मध्ये अजान इस्लामचा अविभाज्य भाग मानली, भोंगा नाही.

यात श्रद्धेचे काही उणे होत नाही. इस्लामचे पहिले मुअज्जिन हजरत बिलाल यांची अजान केवळ कंठातून उमटत असे. शेजाऱ्याशी चांगले वागण्याची ताकीद तर कुरआननेच दिली आहे. सहरीला उठवायला आज प्रत्येकाच्या उशाशी मोबाईल आहे.

मात्र हा नियम मंडळाच्या डीजेला, लग्नाच्या वरातीला आणि पुढाऱ्याच्या सभेलाही तितकाच लागू आहे. तो फक्त मशिदीच्या दारात वाचून दाखवला, तर त्याला मर्यादा नव्हे, भेदभाव म्हणावे लागेल. आम्ही भोंग्याचा आवाज जरूर उतरवू. ठाण्यातल्या साहेबांनी डेसिबल मोजण्याचे यंत्र घेऊन सगळ्याच गल्ल्यांत फिरावे, एवढेच मागणे आहे.