रुमालाखालचा बाजार

बैलबाजारात दलाल आणि गिऱ्हाईक समोरासमोर उभे राहतात, हातावर रुमाल टाकतात आणि रुमालाखाली एकमेकांची बोटे धरून भाव ठरवतात, हे आपल्याकडच्या शेतकऱ्याला सांगायला नको. शेजारी दहा माणसे उभी असली तरी त्यांना आकडा कळत नाही. बैल मात्र उघड्यावर उभा असतो. त्याचे दात पाहता येतात, खांदा चाचपता येतो, चार पावले चालवून पाहता येते. विकणारा कोणत्या गावचा, कोणाचा कोण, हेही दोघाचौघांना विचारून कळते. आता असा बाजार मनात आणा, की जिथे भाव रुमालाखाली, बैलही रुमालाखाली आणि विकणाऱ्याचे तोंडही रुमालाखाली! वर्तमानपत्रांतून ज्याला हल्ली ‘डार्क वेब’ म्हणतात, तो इंटरनेटवरचा असाच एक बाजार आहे.

तुम्ही म्हणाल, “काहून जी, आमचा त्या बाजाराशी काय संबंध? आम्ही काही तिकडे जात नाही.” संबंध आहे. १८ जून २०२४ रोजी देशभर यूजीसी-नेट ही परीक्षा झाली. महाविद्यालयात प्राध्यापक होऊ इच्छिणारे आपल्या वऱ्हाडातले किती तरी पदवीधर ही परीक्षा देतात. त्या दिवशी सुमारे ९ लाख उमेदवार बसले होते. दुसऱ्याच दिवशी, १९ जूनला, परीक्षा रद्द झाली. प्रश्नपत्रिका डार्क वेबवर आली होती आणि ती मूळ प्रश्नपत्रिकेशी जुळते, असे केंद्रीय शिक्षणमंत्र्यांनी सांगितले. वर्ष-वर्ष अभ्यास केलेल्या, पदरमोड करून परगावच्या केंद्रावर गेलेल्या मुलांची मेहनत एका रात्रीत पाण्यात गेली. त्या प्रश्नपत्रिकेचे पुढे काय निघाले ते सांगतोच. पण ते समजायला हा बाजार चालतो कसा, हे आधी पाहिले पाहिजे.

एक गैरसमज आधी दूर करू. गूगलवर शोधून जे सापडत नाही ते सगळे डार्क वेब, असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. तुमच्या बँकखात्याचे पान गूगलवर सापडत नाही. शाळेच्या यू-डायसच्या नोंदीही पासवर्डाशिवाय उघडत नाहीत. ही कुलूप लावलेली घरे झाली. घर कुठे आहे ते ठाऊक असते, फक्त आत जाता येत नाही. डार्क वेबवर मात्र घर कुठे आहे हेच कोणाला ठाऊक नसते.

हे कसे साधते? पत्राचा दाखला घ्या. समजा, आकोटच्या एका माणसाला अमरावतीच्या वर्तमानपत्राला काही कळवायचे आहे, पण आपण कोण हे कोणालाही कळू द्यायचे नाही. तो पत्र एका पाकिटात घालून वर अमरावतीचा पत्ता लिहितो. ते पाकीट दुसऱ्या पाकिटात घालतो आणि वर चांदूर बाजारच्या माणसाचा पत्ता लिहितो. ते तिसऱ्या पाकिटात, वर परतवाड्याचा पत्ता. ते चौथ्यात, वर अंजनगावचा. आता अंजनगावच्या माणसाने वरचे पाकीट फोडले, तर त्याला एवढेच कळते की हे आकोटहून आले आणि परतवाड्याला द्यायचे. परतवाड्याच्या माणसाला अंजनगाव आणि चांदूर बाजार एवढेच ठाऊक. चांदूर बाजारच्या माणसाला शेवटचा मुक्काम कळतो, पण आकोटचे नावही त्याच्या कानावर जात नाही. तिघांपैकी एकालाही सबंध रस्ता माहीत नाही.

इंटरनेटवर ही पाकिटे कागदाची नसतात, ती गणिताच्या कुलपांची असतात. प्रत्येक टप्प्याच्या संगणकाजवळ फक्त आपल्या पाकिटाची किल्ली असते. एकावर एक पापुद्रे असतात म्हणून या पद्धतीला कांद्याचे नाव पडले. ती १९९० नंतरच्या दशकात अमेरिकेच्या नौदलाच्या संशोधनशाळेत निघाली आणि २००२ मध्ये ‘टॉर’ या नावाने चालू झाली. जगभर स्वयंसेवकांनी आपले हजारो संगणक या निरोप्याच्या कामाला जोडून ठेवले आहेत. आरमाराने आपल्या गुप्त कामासाठी काढलेली युक्ती सगळ्या जगाला मोकळी का केली, याचे नवल वाटेल. कारण साधे आहे. त्या वाटेने फक्त नौदलाचीच माणसे जाऊ लागली, तर जो जो तिथे दिसेल तो नौदलाचाच, हे सांगायला जोशी नको! लपायला गर्दी लागते.

वरच्या दाखल्यात पाठवणारा लपला, पण वर्तमानपत्राची कचेरी उघडी होती. डार्क वेबवर कचेरीही लपते. दुकानदार एकाही गिऱ्हाइकाला घरचा पत्ता देत नाही. त्याऐवजी तो दोन-तीन मध्यस्थांकडे, तोही तीन-तीन हातांतून, निरोप ठेवतो की माझ्यासाठी कोणी विचारत आले तर मला कळवा. गिऱ्हाईक त्या मध्यस्थाकडे निरोप धाडते की मी अमुक वेळी मूर्तिजापूरच्या जंक्शनावर थांबतो, खूण अमुक. मग एका बाजूने गिऱ्हाइकाचे तीन निरोपे आणि दुसऱ्या बाजूने दुकानदाराचे तीन निरोपे त्या जंक्शनावर भेटतात. माल आणि पैसा दोन्हींची बोलणी तिथे होतात. गिऱ्हाईक अकोल्याचे की दुकानदार अमेरिकेचा, जंक्शनाला याचा पत्ता लागत नाही.

अशा दुकानाचे नाव आपण ठेवू तसे पडत नाही. इंग्रजी अक्षरे आणि आकडे मिळून ५६ चिन्हांची ती रांग असते आणि शेवटी ‘ऑनियन’ हा शब्द. ही रांग म्हणजे त्या दुकानाच्या कुलपाचीच एक बाजू. म्हणून खऱ्या नावाने दुसऱ्याला दुकान थाटता येत नाही. पण सुरुवातीची पाच-सहा अक्षरे तीच आणि पुढची निराळी, अशी रांग लबाडाला बनवता येते. ५६ अक्षरे कोण तपासून पाहतो? आपण सातबाऱ्यावरचा गट नंबरही नीट पाहत नाही. त्यामुळे चोरांच्या बाजारात चोरांनाच लुबाडणारी खोटी दुकाने उदंड आहेत.

ही वाट चांगल्या कामालाही उपयोगी पडते, हेही सांगितले पाहिजे. ज्या देशांत सरकार बातम्या अडवते तिथल्या लोकांसाठी बीबीसीने २०१९ मध्ये आपल्या बातम्यांचे पान या वाटेवर उघडले. सरकारी गैरव्यवहार उघडकीला आणणारे लोक वर्तमानपत्रांना कागद पाठवतात, तेही याच वाटेने. आपल्या देशात हे ब्राउझर वापरणे हाच काही गुन्हा नाही. तिथे तुम्ही काय करता, यावर सगळे ठरते.

पण लपलेला माणूस कायमचा लपतो, असे मात्र नाही. रेडिओवाल्यांना १९४२ चे उदाहरण आठवल्यावाचून राहत नाही. ‘चले जाव’च्या चळवळीत उषा मेहता आणि त्यांच्या सोबत्यांनी मुंबईत गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला. यंत्र आज या घरी, उद्या त्या घरी. पोलीस लहरींचा माग काढत फिरत होते, पण अखेर १२ नोव्हेंबर १९४२ ला छापा पडला तो आतल्याच एका तंत्रज्ञाने फितुरी केल्यामुळे. हेतूंत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, पण ‘सिल्क रोड’ या मादक पदार्थांच्या गुप्त बाजाराचेही असेच झाले. २०११ मध्ये निघालेला हा बाजार अमेरिकेच्या पोलिसांनी ऑक्टोबर २०१३ मध्ये बंद पाडला. त्याच्या चालकाने एका उघड्या संकेतस्थळावर स्वतःच्या नावाचा ईमेल पत्ता लिहिला होता. पाकिटाचे कुलूप कोणी फोडले नाही. माणूसच सापडला.

२०१७ ची हकीकत तर याहून मजेची आहे. ‘हान्सा’ नावाचा असाच एक बाजार नेदरलंडच्या पोलिसांनी गुपचूप ताब्यात घेतला, पण बंद केला नाही. जवळजवळ महिनाभर पोलीसच गल्ल्यावर बसून होते! त्याच सुमारास ‘अल्फाबे’ हा मोठा बाजार बंद पडला आणि तिथली गिऱ्हाइके धावत हान्सात आली. समोरच्या दुकानदाराचे तोंड रुमालाखाली होते; तो पोलीस आहे हे त्यांना कळणार कसे?

आता त्या प्रश्नपत्रिकेकडे वळू. परीक्षेच्या आधीच प्रश्नपत्रिका फुटल्याचा पुरावा म्हणून मोबाईलच्या पडद्याचे एक छायाचित्र फिरत होते. केंद्रीय अन्वेषण विभागाने तपास केला, तेव्हा ते छायाचित्र बनावट निघाले. प्रश्नपत्रिका परीक्षेनंतर हाती आलेली होती. परीक्षेच्या आधीची वाटावी म्हणून एका शाळकरी मुलाने छायाचित्रावरची वेळ बदलली होती. म्हणजे बैल खरा, पण बाजार उठल्यावर आणलेला. परीक्षा ऑगस्ट-सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा घ्यावी लागली. जिथे विकणारा कोण, माल कधीचा, काहीच तपासता येत नाही, तिथे खऱ्यासारखीच खोट्यालाही किंमत येते, आणि ती मोजतो तिसराच.

गुरुजनहो, परीक्षेच्या आदल्या रात्री “उद्याचा पेपर डार्क वेबवरून मिळाला, इतके पैसे पाठव” असा निरोप एखाद्या विद्यार्थ्याला येतोच. हे त्याला वर्गातच सांगून ठेवा, की असा पेपर बहुतेक वेळा नसतोच. पैसे जातात आणि पैसे देणारा गप्प बसतो, कारण तक्रार करायला तोंड नसते. याच लाजेवर हा धंदा चालतो. मुलाने येऊन सांगितले तर त्याला आधी रागावू नका. निरोप पुसायचा नाही, पुढे पाठवायचा नाही, तो जशाचा तसा, नंबर आणि वेळेसह ठेवायचा आणि शाळेमार्फत पोलिसांकडे द्यायचा.

कामासाठी ज्याला या वाटेने खरोखरच जायचे आहे, म्हणजे बातमीदार, संशोधक किंवा संगणक शिकवणारा शिक्षक, त्याने ब्राउझर टॉर प्रकल्पाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच घ्यावा, कोणी पाठवलेल्या दुव्यावरून नव्हे, आणि तो वेळोवेळी अद्ययावत करावा. त्यात सुरक्षिततेच्या पायऱ्या असतात. सगळ्यात वरची पायरी निवडावी. ज्या संस्थेकडे जायचे तिचा पत्ता तिच्या उघड्या संकेतस्थळावरून घ्यावा आणि सबंध ५६ अक्षरे जुळवावीत. आपले नाव, फोन नंबर, रोजचा ईमेल तिथे टाकला की चारही पाकिटे आपणच फोडली म्हणून समजा. तिथून उतरवलेली फाइल उघडू नये. ती उघडताच आपला खरा पत्ता बाहेर पडू शकतो. लहान मुलांची अश्लील चित्रे नुसती शोधणे आणि पाहणे हादेखील माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६७-ब कलमाखाली गुन्हा आहे. “कुतूहल म्हणून पाहिले” ही सबब चालत नाही.

आपण तिकडे गेलो नाही, तरी आपले कागद जातात. ऑक्टोबर २०१९ मध्ये १३ लाखांहून अधिक बँक कार्डांची माहिती अशा एका बाजारात विक्रीला आलेली आढळली. त्यांतली बहुतेक कार्डे भारतीय बँकांची होती. ऑक्टोबर २०२३ मध्ये एका विक्रेत्याने ८१ कोटी ५० लाख भारतीयांची आधार आणि पासपोर्टाची माहिती आपल्याकडे असल्याचा दावा केला. दावा किती खरा, हे रुमालाखालून कळत नाही. पण सावध राहायला तेवढे पुरे आहे. आधारची प्रत द्यावी लागली तर जिच्यावर शेवटचे चारच आकडे दिसतात ती ‘मास्क्ड’ प्रत द्या. अंगठ्यावर खात्यातून पैसे निघतात, म्हणून आधारमधले बोटांचे ठसे कुलूपबंद करून ठेवण्याची सोय आहे. ती करून घ्या, गरज पडेल तेव्हा उघडता येते. एकच पासवर्ड चार ठिकाणी वापरू नका. एक फुटला की चारही दारे उघडी.

आणि “तुमची माहिती डार्क वेबवर आली आहे, आम्ही ती काढून टाकतो, एवढे पैसे भरा” असा फोन आला, तर सरळ ठेवून द्या. एकदा बाजारात गेलेल्या माहितीच्या किती नकला झाल्या हे कोणालाच ठाऊक नसते, मग काढून टाकणार काय? पैसे गेलेच असतील, तर वेळ न दवडता १९३० या क्रमांकावर फोन लावा. बँकेचा निरोप, व्यवहाराचा क्रमांक आणि वेळ हाताशी ठेवा. चोराने पैसे पुढच्या खात्यातून काढण्याआधी बँकेला ते तिथेच अडवता येतात, म्हणून पहिले काही तास मोलाचे. मग जवळच्या पोलीस ठाण्यात जाऊन लेखी तक्रार द्या आणि तिची पोच घ्या.