स्टार्टर गप्प का बसतो?

किल्ली फिरवली तरी इंजिन हलत नसेल, तर स्टार्टर बदलायची घाई नको. आधी आवाज ऐका.

इंजिन फिरवताना स्टार्टर १०० अँपिअरहून अधिक प्रवाह खेचतो. तो किल्लीच्या स्विचला पेलणारा नाही. म्हणून स्विच फक्त सोलेनॉइडला इशारा देतो. सोलेनॉइड छोटं दातेरी चाक फ्लायव्हीलच्या दात्यांत ढकलतो आणि तांब्याचे जाड संपर्क जोडून मोटरला वीज देतो.

झपाट्याने टकटक होत असेल, तर बहुधा बॅटरी उतरलेली किंवा टर्मिनल सैल. मोटर जोडली जाताच व्होल्टेज कोसळतं, सोलेनॉइड सुटतो. व्होल्टेज सावरलं की पुन्हा ओढला जातो. एकच ठोस ‘टक’ आला आणि दिवे प्रखरच राहिले, तर सोलेनॉइडचे संपर्क जळाले असावेत किंवा कार्बन ब्रश झिजले असावेत. दिवे एकदम मंदावले, तर बॅटरीसोबत मोटर किंवा इंजिन जाम झाल्याचाही संशय घ्या. काहीच आवाज नसेल, तर फ्यूज, रिले, क्लचचा स्विच पाहा. मोटर फिरते पण इंजिन नाही, तर दोष दातेरी चाकात किंवा त्याच्या एकदिशा क्लचमध्ये.

आता मल्टीमीटर. चांगली बॅटरी स्वस्थ असताना सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. किल्ली फिरवताना आकडा ९.६च्या खाली गेला, तर आधी बॅटरी तपासा. त्याच वेळी बॅटरीचा ऋण खांब आणि इंजिनचा धातू यांच्यात अर्ध्या व्होल्टहून जास्त फरक दिसला, तर अर्थिंगची केबल गंजलेली किंवा सैल आहे. ती साफ करून घट्ट बसवणं नव्या स्टार्टरपेक्षा कितीतरी स्वस्त. चाचणीआधी गिअर न्यूट्रलमध्ये ठेवा आणि हँडब्रेक ओढा.