कुलाब्याची ओलीस

वसईचा इतिहास निघाला की आपण थेट मे 1739 वर जातो. चिमाजी अप्पा, सुरुंगांनी फोडलेला तट, पोर्तुगिजांची शरणागती. त्याआधीच्या तीसेक वर्षांत या किनाऱ्यावर काय चाललं होतं, तिकडे फारसं कुणी वळत नाही. त्या काळात पोर्तुगीज, इंग्रज आणि आंग्रे या तिन्ही सत्तांची झळ लागलेली एक मुलगी होती. तिचं नाव कॅथरीन कुक.

1709 मध्ये ती आईवडील आणि भावंडांबरोबर ‘लॉयल ब्लिस’ जहाजातून इंग्लंडहून निघाली. वडील गेरार्ड कुक यांची नोकरी कलकत्त्याच्या फोर्ट विल्यममध्ये, तोफखान्यावर. पण वाऱ्याचा हंगाम टळला, बंगाल गाठणं जमेना, आणि जहाज कारवारला लागलं. तिथल्या इंग्रज वखारीचा मुख्य जॉन हार्वे हा उतारवयाचा, शरीराने व्यंग असलेला, पण पैसेवाला माणूस. त्याने कॅथरीनला मागणी घातली. ती तेव्हा तेरा-चौदा वर्षांची होती. आईवडिलांनी तिचं मन वळवलं, लग्न लावून दिलं आणि ते पुढे बंगालला निघून गेले. मुलगी कारवारला राहिली.

यात त्या काळाला नवल वाटण्यासारखं काही नव्हतं. लिस्बनहून राजाच्या आश्रयातल्या अनाथ मुली इकडे धाडल्या जात आणि त्यांच्या नवऱ्यांना हुंड्यात सरकारी हुद्दा किंवा एखादं गाव मिळे. उत्तर कोकणातली, वसईच्या अमलातली गावंही अशी हुंड्यात गेली. खुद्द मुंबई 1661 च्या तहाने ब्रागांझाच्या राजकन्येच्या हुंड्यात गेली, तेव्हा वसईचे पोर्तुगीज जमीनदार चांगलेच बिथरले होते. पुढे मुंबई हाती आल्यावर इंग्रज कंपनीनेही शिपायांशी लग्नं लावायला विलायतेहून मुली आणल्या. बायको, जमीन आणि नोकरी एकाच कागदावर ठरत असे.

हार्वे लवकरच वारला. त्याच्या खासगी व्यापाराचा आणि कंपनीच्या पैशाचा हिशेब एकमेकांत अडकलेला. कॅथरीनने वखारीतल्या थॉमस चाऊन या तरुणाशी लग्न केलं आणि पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेतला आपला वाटा सोडवायला दोघं नोव्हेंबर 1712 मध्ये मुंबईला निघाली. जहाज होतं ‘ॲन’. वाटेत कान्होजी आंग्रे यांच्या गलबतांनी ते गाठलं. तोफेच्या गोळ्याने चाऊनचा हात उडाला आणि बायकोच्या मिठीतच रक्तस्रावाने त्याने प्राण सोडला. कॅथरीन तेव्हा गरोदर होती. तिला कुलाब्याच्या किल्ल्यात नेण्यात आलं.

हा किल्ला आपण सगळ्यांनी पाहिला आहे. ओहोटीला अलिबागच्या वाळूवरून चालत जावं, भरती आली की चारी बाजूंनी पाणी. तिथे तिने तो हिवाळा काढला. फेब्रुवारी 1713 मध्ये तीस हजार रुपये मोजून इंग्रजांनी तिला सोडवलं. आणायला गेलेल्या लेफ्टनंटला स्वतःचे कपडे तिच्या अंगावर घालावे लागले, असं क्लेमंट डाउनिंगने लिहून ठेवलं आहे. मुंबईत आल्यावर थोड्याच दिवसांत तिला मुलगा झाला.

डाउनिंगचं पुस्तक 1737 चं, म्हणजे घटनेनंतर चोवीस वर्षांनी आलेलं. तो आंग्र्यांविरुद्धच्या मोहिमांत लढलेला माणूस. कान्होजींना चाचा ठरवण्यात त्याचा पक्ष गुंतलेला होता, तेव्हा त्याचं सगळं जसंच्या तसं घेऊ नये. कान्होजी मराठी राज्याचे सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख होते; त्यांचा परवाना नसलेलं जहाज धरणं हा ते आपला हक्क मानत, आणि इंग्रज व पोर्तुगीजही आपापल्या परवान्यांसाठी तेच करत. हे सगळं मान्य. तरीही नवरा डोळ्यांदेखत गेलेली, पोटुशी, सतरा-अठरा वर्षांचीही नसेल अशी मुलगी खंडणीसाठी महिनोन्महिने ओलीस ठेवली गेली, हे बदलत नाही. आरमाराचा अभिमान बाळगताना हेही सांगायला आपण कचरू नये, असं मला मनापासून वाटतं.

तिचा तिसरा नवरा विल्यम गिफर्ड केरळातल्या अंजेंगोच्या वखारीचा मुख्य झाला. मिरीच्या व्यापारातल्या त्याच्या लबाडीने आणि मग्रुरीने मुलूख पेटला. एप्रिल 1721 मध्ये आटिंगलच्या राणीला नजराणा द्यायला तो सुमारे 140 माणसं घेऊन गेला आणि तिथे त्यांची कत्तल झाली. कॅथरीन इतर दोन इंग्रज बायका आणि मुलांबरोबर एका गावठी गलबतातून मद्रासला निसटली.

त्याच वर्षाअखेर इंग्रज कमोडोर थॉमस मॅथ्यूज पोर्तुगिजांना सोबत घेऊन कुलाब्यावर चालून गेला. बाजीराव धावून आले, हल्ला फसला, आणि पोर्तुगिजांनी मराठ्यांशी परस्पर तह केला. दगा झाला म्हणून संतापलेल्या मॅथ्यूजने पोर्तुगिजांच्या ‘उत्तरेच्या जनरल’च्या तोंडात आपली काठी खुपसल्याचं डाउनिंग सांगतो. या जनरलचं ठाणं म्हणजे आपली वसई.

याच मॅथ्यूजच्या आश्रयाला कॅथरीन पुढे मुंबईत आली. गिफर्डकडून येणं आहे म्हणून कंपनी तिला अडवत होती, तर ती स्वतःचा हक्क सोडायला तयार नव्हती. मॅथ्यूजचं जहाज राजाच्या आरमारातलं, त्यावर कंपनीचा हुकूम चालत नसे. 1723 च्या अखेरीस ती त्या जहाजाने इंग्लंडला निघून गेली आणि कंपनीशी तिचं भांडण तिथेही चालू राहिलं.

तिच्याबद्दल मुंबईच्या इंग्रजांनी वाईटसाईट बोलून घेतलं. मॅथ्यूजच्या घरी राहते म्हणून तिची बदनामी झाली. मला मात्र तिचं हे भांडण तिच्या बंदिवासाइतकंच महत्त्वाचं वाटतं. तिला आधी आईबापांनी दिलं, मग आंग्र्यांनी तिची किंमत लावली, कंपनीने ती मोजली. शेवटी मात्र स्वतःचा हिशेब मागायला ती स्वतः उभी राहिली.

कर्नल जॉन बिडल्फ याने 1907 मध्ये मलबारच्या चाच्यांवर पुस्तक लिहिलं आणि त्यात तिची कहाणी स्वतंत्रपणे सांगितली. मराठीत कान्होजींवर नव्याने लिहू पाहणाऱ्यांनी तिच्यासाठी एक प्रकरण राखून ठेवावं. आणि वसईच्या अभ्यासकांनी पणजीच्या दफ्तरखान्यातले 1712 ते 1723 चे पोर्तुगीज कागद या नजरेने एकदा चाळावेत.