खाचराची नोंद आणि हातातील स्थानदर्शक

पुणे जिल्ह्यातील भोर व वेल्हे हे दोन तालुके पावसाचे आणि भाताचे तालुके होत. वेल्हे तालुक्यास २०२५ साली राजगड हे नाव मिळाले. तथापि लोकांच्या बोलण्यात जुने नाव अद्याप रुळलेले आहे. राजगड, तोरणा, रोहिडा, रायरेश्वर ह्या डोंगरांच्या उतारांवर पिढ्यान्‌पिढ्या दगडमातीचे बांध घालून शेतकऱ्यांनी भाताची खाचरे तयार केली. ती पायऱ्यापायऱ्यांनी ओढ्यापर्यंत उतरत जातात. एखादे खाचर पाच गुंठ्यांचे असते, तर एखादे दोनच गुंठ्यांचे. त्यांच्या वरच्या अंगास वरकस जमीन असते व तीत नाचणी आणि वरई होते. एका कुटुंबाची सर्व जमीन एकाच जागी क्वचितच आढळते. एक खाचर घराशेजारी, दुसरे ओढ्यापलीकडे, तिसरे टेकडीच्या पाठीमागे, अशी स्थिती सर्वत्र दिसते.

अशा मुलखात कोणत्या तुकड्यात कोणते पीक उभे आहे, ह्याची खरी नोंद ठेवणे हे सोपे काम नव्हे. परंतु हीच नोंद शेतकऱ्याच्या अडचणीच्या वेळी उपयोगी पडते. पीककर्ज, पीकविमा, आधारभूत किंमतीने होणारी खरेदी आणि अतिवृष्टीनंतर मिळणारी मदत ह्या सर्व प्रसंगी सातबाऱ्यावरील पिकाची नोंद पाहिली जाते. डोंगराचा कडा खचून खाचरे गाळाखाली गेली आणि सातबाऱ्यावर ती जमीन पड म्हणून दाखल असली, तर नुकसान खरे असूनही शेतकऱ्याच्या हाती पुरावा उरत नाही. म्हणून पिकाची नोंद हे लागवडीइतकेच महत्त्वाचे काम मानले पाहिजे.

साखळीपासून उपग्रहापर्यंत

मुंबई इलाख्यातील जमीनमोजणीची पद्धत ज्या कामातून आकारास आली, ते काम गोल्डस्मिड व विंगेट ह्या अधिकाऱ्यांनी १८३५ नंतरच्या काळात पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुक्यात केले. त्या मोजणीतील साखळी ३३ फुटांची होती. एक साखळी लांब व एक साखळी रुंद एवढी जागा म्हणजे एक गुंठा आणि असे ४० गुंठे म्हणजे एक एकर, हे माप शेतकऱ्यांच्या तोंडी आजही आहे. भोर हे १९४८ पर्यंत पंतसचिवांचे संस्थान होते व त्याच साली ते मुंबई राज्यात विलीन झाले. पिकांची पाहणी करून गाव नमुना बारामध्ये नोंद करण्याचे काम तलाठ्याकडे असे. त्यांचे पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी असे आहे. एका माणसाकडे अनेक वाड्यावस्त्या, मध्ये दुथडी वाहणारे ओढे आणि पाहणीचा हंगाम ऐन पावसाळ्यातला, अशा स्थितीत प्रत्येक खाचरापर्यंत पोहोचणे किती कठीण होते, हे वेगळे सांगावयास नको.

ह्या अडचणीवर जे साधन उपयोगी पडत आहे, ते मूळचे शेतीसाठी झालेले नाही. अमेरिकेने लष्करी उपयोगासाठी जीपीएस ही उपग्रहांची प्रणाली उभारली. तिचा पहिला उपग्रह १९७८ साली सोडण्यात आला आणि १९९५ मध्ये ती पूर्णपणे कार्यान्वित झाली. मे २००० पर्यंत नागरी वापरासाठी मिळणाऱ्या संकेतांत मुद्दाम चूक ठेवलेली असे. त्यामुळे दाखविलेली जागा सुमारे १०० मीटरपर्यंत चुकू शके. वेल्ह्याच्या डोंगरात १०० मीटरची चूक म्हणजे ओढ्याचा दुसरा काठच! ही चूक काढून टाकल्यावर नागरी उपयोगास वेग आला. २००३ साली गार्मिन कंपनीने आयक्यू ३६०० नावाचे एक छोटे यंत्र बाजारात आणले. दैनंदिनी, पत्तेवही, कामाची स्मरणपत्रिका आणि उपग्रहावरून स्थान दाखविणारा नकाशा ह्या सर्व गोष्टी तळहाताएवढ्या ह्या यंत्रात एकत्र होत्या. त्या काळी असे यंत्र शेतकऱ्याच्या आवाक्यातले नव्हते. पुढे मोबाइलनेच ही सर्व कामे आपल्या पोटात घेतली. भारतानेही स्वतःची ‘नाविक’ ही उपग्रहप्रणाली उभारण्यास आरंभ केला व तिचा पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजी सोडला. कोणे एके काळी अधिकाऱ्याच्या टेबलावर शोभणारे साधन आज भातकऱ्याच्या खिशात आले आहे. ते नीट वापरावयाचे, तर त्याचे गुण व मर्यादा दोन्ही समजून घेतल्या पाहिजेत.

यंत्र स्थान कसे ओळखते

जीपीएसचे उपग्रह जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरत असतात. प्रत्येक उपग्रहात अत्यंत अचूक घड्याळ असते आणि तो आपली वेळ व आपले स्थान सतत प्रक्षेपित करीत असतो. हा संकेत प्रकाशाच्या वेगाने, म्हणजे सेकंदास सुमारे तीन लाख किलोमीटर ह्या गतीने येतो. संकेतास किती वेळ लागला ह्यावरून मोबाइल त्या उपग्रहाचे अंतर काढतो. अशा किमान चार उपग्रहांची अंतरे मिळाली म्हणजे आपण कोठे उभे आहोत हे निश्चित होते. ह्या हिशेबात वेळेला किती महत्त्व आहे पाहा. सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली, तरी अंतरात ३०० मीटरचा फरक पडतो.

ह्यावरून दोन गोष्टी ध्यानात येतात. पहिली अशी की, स्थान कळण्यासाठी मोबाइलला रेंज लागत नाही. तो उपग्रहाचा संकेत केवळ ऐकतो, त्याला काही पाठवीत नाही. वेल्ह्याच्या अनेक वाड्यांवर रेंज मिळत नाही म्हणून ‘येथे जीपीएस चालणार नाही’ असा समज आहे. तो खरा नव्हे. रेंज नसताना पहिल्या वेळी स्थान मिळण्यास काही मिनिटे लागू शकतात एवढेच. नकाशाचे चित्र मात्र इंटरनेटवरून येते. ते गावात रेंज असताना आधीच उतरवून ठेवावे.

दुसरी गोष्ट अशी की, यंत्राला मोकळे आकाश दिसले पाहिजे. उंच कड्याच्या पायथ्याशी, दाट आंब्याखाली किंवा घराच्या पडवीत उभे राहिल्यास थोडेच उपग्रह ‘दिसतात’ आणि काही संकेत कड्यावर आपटून फेऱ्याने येतात. त्यामुळे अंतर वाढल्यासारखे भासते व जागा चुकते.

ई-पीक पाहणी

१५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रात ई-पीक पाहणीचे काम राज्यभर सुरू झाले. तिच्यामुळे पिकाची नोंद करण्याचा अधिकार शेतकऱ्याच्या स्वतःच्या हाती आला. मोबाइलमधील ॲपमध्ये आपले गाव, खाते व गट क्रमांक निवडावा, पीक, क्षेत्र व सिंचनाचे साधन भरावे आणि पिकात उभे राहून छायाचित्र काढावे, अशी ही पद्धती आहे. छायाचित्राबरोबर त्या जागेचे अक्षांश व रेखांश आपोआप नोंदले जातात. २०२२ साली आलेल्या सुधारित ॲपमध्ये गटाच्या मध्यबिंदूचे अक्षांश-रेखांश समाविष्ट करण्यात आले. त्यामुळे गटापासून दूर उभे राहून छायाचित्र घेतल्यास तशी सूचना पडद्यावर येऊ लागली. चावडीसमोर उभे राहून डोंगरावरच्या नाचणीची नोंद करणे ह्यामुळे शक्य राहिले नाही, आणि हे शेतकऱ्याच्या हिताचेच झाले. कारण अशी नोंद अडचणीच्या वेळी टिकत नाही.

ह्या दोन तालुक्यांत एक वेगळीच अडचण आढळते. घरातील कर्ता पुरुष पुण्यास किंवा मुंबईस नोकरीला आणि घरची शेती गृहिणी किंवा वृद्ध आईवडील पाहतात. चांगला मोबाइल कर्त्याबरोबर शहरात जातो आणि खाचर गावीच राहते. शनिवार-रविवारी तो येतो, तेव्हा पाऊस असतो, आवणीची घाई असते आणि नोंदीची मुदत निघून जाते. ह्यावर उपाय अगदी सोपा आहे. एका मोबाइलवरून एकाहून अधिक खातेदारांच्या नोंदी करता येतात. म्हणून वाडीतील एखादा तरुण किंवा बचतगटातील एखादी भगिनी ह्यांनी हे काम शिकून घ्यावे व शेजाऱ्यांबरोबर प्रत्यक्ष खाचरावर जाऊन नोंदी कराव्यात. सातबारा ज्या बाईच्या नावावर आहे, तिने तर हे काम स्वतः शिकावे हेच उत्तम.

नोंद करताना घ्यावयाची काळजी

मोकळ्या आकाशाखाली साधारण मोबाइलची चूक सुमारे पाच मीटर असते. गुंठ्याची एक बाजू ३३ फूट, म्हणजे सुमारे १० मीटर असते. सपाट मुलखात दहा एकरांच्या शेतात पाच मीटरने बिघडत नाही. परंतु दोन गुंठ्यांच्या खाचरात आणि त्यातही कड्याखाली हीच चूक वाढून शेजाऱ्याच्या खाचरात खूण पडू शकते. म्हणून पुढील गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात.

१. बांधावर उभे न राहता शक्य तितके खाचराच्या मध्यभागी जावे.

२. ॲप उघडल्याबरोबर छायाचित्र घेऊ नये. एक-दोन मिनिटे स्थिर उभे राहावे व नकाशावरील खूण स्थिरावू द्यावी.

३. पावसाची उघडीप पाहून जावे. मोबाइल प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवावा व ओल्या हाताने हाताळू नये. आदल्या रात्री बॅटरी पूर्ण भरून घ्यावी.

४. भात व नाचणी वेगवेगळ्या गटांत असल्यास प्रत्येक गटात जाऊन स्वतंत्र नोंद करावी. मिश्र पिके असल्यास ती तशीच दाखवावीत.

५. मुदतीच्या अखेरच्या आठवड्याची वाट पाहू नये. पीक ओळखू येण्याजोगे झाले की नोंद उरकावी आणि ती सातबाऱ्यावर आली की नाही हे नंतर पाहावे.

मोबाइल ही मोजणी नव्हे

मोबाइल हाती आल्यावर काही ठिकाणी बांधाचे जुने तंटे नव्याने डोके वर काढतात. नकाशावरील रेघ आपल्या बांधाच्या दोन हात पलीकडे दिसते आणि शेजाऱ्याने जमीन दाबली असा संशय मनात येतो. येथे शेतकऱ्यांनी सावध राहिले पाहिजे. ज्या यंत्राची स्वतःची चूक पाच मीटरची, ते दोन हातांचा तंटा कसा सोडविणार? त्यातच पडद्यावरील गटाची रेघ जुन्या कागदी नकाशावरून घेतलेली असल्यास ती उपग्रहाच्या चित्रावर तंतोतंत बसेलच असे नाही. बांध फिरून क्षेत्रफळ सांगणारी ॲपेही लहान खाचरांच्या बाबतीत विश्वासार्ह धरू नयेत. बी किंवा खताचा अदमास घेण्यापुरता त्यांचा उपयोग करावा.

हद्द ठरविण्याचा अधिकार भूमि अभिलेख खात्याच्या मोजणीसच आहे. त्या मोजणीतही आता उपग्रहांचाच आधार घेतात. परंतु तेथे वापरले जाणारे रोव्हर यंत्र कायम स्थानकांवरून मिळणाऱ्या दुरुस्तीच्या साहाय्याने काही सेंटिमीटरपर्यंतची अचूकता साधते. मोबाइलच्या भरवशावर बांध फोडणाऱ्याने आपली शेती आणि आपला शेजार दोन्ही धोक्यात घातले असे समजावे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

मातीचे नमुने, शेततळी, पीक कापणी प्रयोग ह्या कामांत जागेचे अक्षांश-रेखांश नोंदवावे लागतात. २०१५ साली सुरू झालेल्या मृद आरोग्य पत्रिका योजनेत बागायती क्षेत्रात २.५ हेक्टरांस व जिरायती क्षेत्रात १० हेक्टरांस एक नमुना, अशी पद्धती ठरविण्यात आली. अशा वेळी आकडे लिहिण्यातील चूक यंत्राच्या चुकीपेक्षा मोठी ठरते. भोर गाव सुमारे १८.१५ अंश उत्तर अक्षांशावर आहे. हेच कोणी १८ अंश १५ मिनिटे असे लिहिले, तर ते १८.२५ अंश होतात व गाव सुमारे ११ किलोमीटर उत्तरेस सरकते. म्हणून आकडे दशांश अंशांत आहेत की अंश-मिनिटांत, हे प्रथम पाहावे. दशांशानंतर निदान पाच आकडे लिहावेत. चौथा आकडा सुमारे ११ मीटर दाखवितो, तर पाचवा सुमारे एक मीटर.

मोबाइलची दैनंदिनी

स्थान दाखविणे हा ह्या साधनाचा एक उपयोग झाला. ते टिपणवहीचेही काम करते. रोपवाटिकेत बी टाकल्याचा दिवस, आवणीचा दिवस, नत्राच्या हप्त्याचा दिवस, मजुरांची हजेरी व मजुरी ह्या गोष्टी मोबाइलमध्ये लिहून ठेवाव्यात आणि पुढील हप्त्याच्या दिवसाची आठवण लावून ठेवावी. खोडकिडा किंवा करपा प्रथम कोठे दिसला त्या खाचराचे छायाचित्र तारखेसह ठेवल्यास कृषी कार्यकर्त्यास सल्ला देणे सोपे जाते. दरड कोसळल्यास किंवा बांध फुटल्यास त्याच दिवशी छायाचित्रे घेऊन तलाठी व कृषी कार्यालयास कळवावे. तथापि महत्त्वाच्या नोंदी एका वहीतही उतराव्यात. मोबाइल पाण्यात पडला तर वही तरी राहते.

खाचराचा बांध आजोबांनी घातला, त्याची डागडुजी वडिलांनी केली. त्या खाचरात कोणते पीक उभे आहे हे सरकारी दप्तरात लिहिण्याचे काम आता नातवाकडे आणि नातसुनेकडे आले आहे. त्यासाठी मोठ्या विद्येची गरज नाही. मोकळ्या आकाशाखाली आपल्या पिकात दोन मिनिटे स्थिर उभे राहावे आणि जे आहे तेच लिहावे. आवणी आटोपल्यानंतर भात ओळखू येऊ लागले, की शेतकऱ्यांनी हे काम मनावर घ्यावे आणि ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी वाडीवाडीत जाऊन ते शिकवावे. खरी नोंद झालेले खाचर गाळाखाली गेले, तरी त्याच्या धन्याची बाजू कागदावर उभी राहते.