सरपण खरंच फुकट असतं का?

तायांनो, सिलिंडर संपला की आपण काय करतो? पैसे हाती येईपर्यंत पुन्हा चूल पेटवतो. म्हणतो, "सरपण तर फुकटच आहे." पण जरा हिशोब करून बघा. आठवड्यातून किती वेळा मोळी आणायला जाता? त्यात किती तास मोडतात? तेवढ्या वेळात मजुरी किंवा शिलाईकाम झालं असतं, त्याचे पैसे मांडा.

दुसरा हिशोब धुराचा. चुलीपुढे बसणारी बाई आणि तिच्या मांडीवरचं लेकरू, दोघंही रोज तो धूर ओढतात. त्याने लहान मुलांना न्यूमोनियाचा आणि बाईला फुप्फुसाच्या जुनाट आजाराचा धोका वाढतो.

मग चूल मोडायची का? तसं नाही. स्वयंपाक गॅसवर करा. अंघोळीचं पाणी तापवायला चूल घराबाहेर मांडा, लाकूड चांगलं वाळलेलं घ्या. डाळ भिजवून कुकरला लावा, भाजीवर झाकण ठेवा, उकळी आली की आच बारीक करा. गॅस जास्त दिवस पुरेल.

खरी अडचण एकरकमी पैशांची. समजा सिलिंडर 880 रुपयांना पडतो आणि 8 आठवडे पुरतो. म्हणजे आठवड्याला 110 रुपये. ते दर बैठकीत गटात वेगळे जमा करा. उज्ज्वला योजनेत 5 किलोची छोटी टाकीही असते, एजन्सीत विचारा.

पुढच्या बैठकीत हा हिशोब सगळ्याजणी मिळून मांडा.